तीन अंकी प्रेत

ग्रंथपालांनी त्या सभेत 'नको' असंच म्हटलं होतं. यावर ते आजही ठाम आहेत. फक्त ते कुणाला ऐकू गेलं नाही.

यात सभेचीही फारशी चूक नव्हती. ग्रंथपालांचं उभं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं. तिथे खुर्ची सरकली तरी लोक खुनशी नजरेनं बघतात. त्यामुळे त्यांचा आवाज वर्षानुवर्षं घटत घटत अशा पायरीला आला होता, की ते बोलताना नुसत्या मिशा हलायच्या आणि बाकीचं समोरच्यानं अंदाजानं घ्यायचं. न्हावी अंदाजानं केस कापायचा. रिक्षावाला अंदाजानं कुठेतरी नेऊन सोडायचा. बायको तर त्यांनी तोंड उघडायच्या आतच उत्तर देऊन मोकळी व्हायची, आणि बहुतेक वेळा ते उत्तर बरोबर असायचं. नसलं तर ग्रंथपाल आपला प्रश्न बदलून घ्यायचे.

तर सोसायटीची सभा चालू होती. विषय होता 'वसंत-संध्या', म्हणजे एका संध्याकाळी थोडी गाणी आणि थोडं नाटक. कल्पना सगळ्यांनाच आवडली होती. "व्यवस्था कोण बघणार?" असं सेक्रेटरींनी विचारल्यावर मात्र सगळ्यांना एकाएकी छताच्या पंख्यात रस निर्माण झाला. सेक्रेटरींचं टाइल्सचं दुकान. ट्रकमधून फरश्या उतरवून घेताना कमावलेला त्यांचा आवाज खोलीत मावत नसे.

"ग्रंथपाल! तुम्ही घेणार का जबाबदारी?"

"नको," ग्रंथपाल म्हणाले. मिशा हलल्या.

"वा! ग्रंथपाल हो म्हणाले!" सेक्रेटरी गरजले, आणि टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की ग्रंथपालांनी स्वतःसुद्धा दोनचार वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन नकार द्यायचा, हे त्यांनी जिना चढता चढताच ठरवलं. काय बोलायचं ते तोंडपाठही केलं. घरी आल्यावर त्यांनी बायकोला झाला प्रकार सांगितला. एरवी ती म्हणाली असती, "तुम्हाला ना, कुणीही गुंडाळतं." पण आज ती टॉवेलच्या घड्या घालत राहिली. मग कपाटाकडे तोंड करून म्हणाली, "त्या गाण्यांमध्ये आमच्या बायकांचा ग्रुप आहे. मंगळवारी हॉलमध्ये जमतो ना आम्ही, तो."

"हं."

"सुरुवातीची ओळ मला एकटीला दिलीय."

घडी घातलेला टॉवेल तिनं पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामावर होती. सुई टोचताना ती अगदी हळू गुणगुणायची, म्हणून लोक मुद्दाम तिच्याच टेबलाशी रांग लावायचे. पण दंडाला पट्टी न बांधलेल्या माणसांपुढे ती आजवर कधी गायली नव्हती. ग्रंथपालांनी तोंडपाठ केलेला नकार गिळला आणि ते व्यवस्थेला लागले.

घरात तेव्हा सासरेही होते. त्यांच्या घराला रंग लावायचं काम चाललं होतं, आणि ते काम संपू नये असा रंगाऱ्यानं आणि सासऱ्यांनी मिळून निश्चय केल्यासारखं दिसत होतं. सासरे पोस्टात नोकरीला असताना पोस्टाच्या नाट्यमंडळात कामं करायचे. जावयाविषयी त्यांचं मत वाईट नव्हतं. मत बनवण्याइतकं काही त्यांना जावयात सापडलंच नव्हतं.

नाटक लिहिलं होतं निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी, बसवणारही त्याच. खुनाचं नाटक होतं. एक श्रीमंत म्हातारा पडदा उघडताच दिवाणखान्यात मेलेला आढळतो आणि तीन अंक चौकशी चालते. शेवटी कळतं की खून नर्सनं केला. बाईंनी एकेकाला उभं करून वाचायला लावलं. डिटेक्टिव्ह झाले दंतवैद्य, कारण त्यांच्याकडे लांब कोट होता. नर्स झाली ब्युटी पार्लरवाली. बँकेतला एक काळा चष्मावाला मुलगा पुतण्या झाला. सेक्रेटरींनी संहिता चाळून सर्वांत सज्जन भूमिका कोणती ते पाहिलं आणि फॅमिली डॉक्टरची भूमिका स्वतःकडे घेतली. "दयाळू, निःस्वार्थी, गरिबांचा कैवारी," त्यांनी कंसातलं वर्णन मोठ्यानं वाचून दाखवलं. "हे मला जमेल. वेगळं काही करायचंच नाहीये."

मग ग्रंथपाल उभे राहिले. त्यांनी अर्धं पान वाचलं. बाई कानाला हात लावून पुढे झुकल्या, आणखी झुकल्या, आणि शेवटी खुर्चीवरून पडता पडता सावरल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रेत."

घरी ही बातमी कशी सांगावी याचा ग्रंथपाल बराच वेळ विचार करत होते. "मध्यवर्ती भूमिका आहे," ते म्हणाले. "पूर्ण वेळ स्टेजवर." सासऱ्यांनी पेपर खाली केला.

"म्हणजे प्रेत," ते म्हणाले.

"हो."

सासऱ्यांच्या डोळ्यांत, जावई घरात आल्यापासून पहिल्यांदाच, कसलीशी चमक आली. "जावईबापू, मी तीन नाटकांत मेलोय. एकदा तर असा मेलो की प्रेक्षकांतला एक खराखुरा डॉक्टर बॅग घेऊन धावत आला. मरणं सोपं असतं हो. मेलेलं राहणं अवघड. नवशिका माणूस दहा मिनिटांत जिवंत व्हायला लागतो. आडवे व्हा बघू."

ग्रंथपाल दिवाणखान्यात आडवे झाले. सासरे खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि पेपर वाचता वाचता मधूनच "पापणी!" असं ओरडू लागले.

गोष्ट बिल्डिंगभर झाली. ज्यांना गेल्या अनेक वर्षांत ग्रंथपालांशी बोलायला विषय मिळाला नव्हता, ते सगळे जिन्यात थांबवून सल्ले देऊ लागले. श्वास छातीतून न घेता पाठीतून घ्यावा, असं तळमजल्यावरच्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. पाठीतून कसा घ्यायचा ते मात्र तिला नीट सांगता आलं नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "मनात काही आणायचंच नाही. आमचे हे बघा, रोज ऑफिसातून आल्यावर तसेच बसतात." वॉचमन म्हणाला, "साहेब, बसल्या बसल्या झोपायचं असेल तर मी शिकवतो. आडवं होऊन काय, कुणीही झोपेल."

खरी अडचण वेगळीच होती. वसंत आला होता. हॉलच्या बाहेरची झाडं नखशिखांत फुलली होती, आणि फुलांचा पिवळा भुगा वाऱ्यावर स्वार होऊन सरळ ग्रंथपालांच्या नाकात शिरत होता. हे दरवर्षीचंच होतं. कवींना त्या ऋतूत काय काय होतं ते असो, ग्रंथपालांना शिंका यायच्या. आवाजात जे काही निसर्गानं कापलं होतं ते सगळं त्यानं त्यांच्या शिंकेत भरून काढलं होतं. ते शिंकले की पार्किंगमधल्या एखाद्या गाडीचा भोंगा आपोआप सुरू व्हायचा.

त्यात परवानगीचं लचांड निघालं. हॉल सोसायटीचा असला तरी लाउडस्पीकर लावायचा तर परवानगी हवी. ग्रंथपाल ग्रंथालयातून अर्धी रजा काढून त्या कार्यालयात गेले.

"गाणी असतील तर दोन नंबरची खिडकी," पहिल्या खिडकीतला माणूस म्हणाला. "नाटक असेल तर पाच नंबर."

"दोन्ही आहे," ग्रंथपाल पुटपुटले.

"काय?"

"दोन्ही."

"दोन्ही नसतं."

ते दोन नंबरला गेले, तिथून पाचला, पाचवरून पुन्हा दोनला. शेवटी दोन्ही खिडक्यांनी मिळून त्यांना आत, एका साहेबांच्या टेबलापुढे पाठवलं. साहेब बारीक, टापटिपीचे, आणि नियमांवर जीव असलेले होते. ते इतर लोकांसारखे 'नियम आहे' असं कंटाळून म्हणत नसत. आपल्याकडचा एखादा चांगला दागिना दाखवावा तसा ते नियम काढून दाखवत. त्यांनी नाटकाची संहिता शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा काढला.

"यात एक मृतदेह आहे."

"हो."

"खरा की खोटा?"

ग्रंथपाल क्षणभर गोंधळले. "मी आहे," ते म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं. उत्तर समाधानकारक आहे की नाही हे ठरवायला त्यांना वेळ लागला. "असं करा," ते म्हणाले, "हमीपत्र लिहून द्या." आणि त्यांनी स्वतः सांगितलेला मजकूर ग्रंथपालांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिला: 'मी खाली सही करणारा, आज रोजी जिवंत असून, कार्यक्रमात मृत असेन त्या काळात माझ्याकडून कोणत्याही प्रकारचा आवाज, हालचाल अथवा सार्वजनिक उपद्रव होणार नाही.' खाली सही केली. इतका अपमान आणि तोही इतक्या शुद्ध भाषेत, त्यांचा आजवर झाला नव्हता.

"लाउडस्पीकर नऊला बंद," साहेब म्हणाले. "नऊ म्हणजे नऊ. मी स्वतः तपासायला येईन."

इकडे तालमी चालल्या होत्या. ग्रंथपाल रोज संध्याकाळी हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन मरायचे आणि बाकीची मंडळी त्यांच्या अंगावरून संवाद म्हणायची. सेक्रेटरींना पल्लेदार वाक्य आलं की हात फिरवायची सवय होती, तो हात प्रेताच्या नाकाला लागायचा. "हलू नका हो ग्रंथपाल!" ते वर म्हणायचे. शिवाय वाक्यावाक्याला थांबून "खुर्च्या सांगितल्या का? पडद्याची दोरी आणली का? माझ्या डॉक्टरच्या बॅगेचं काय झालं?" हे प्रश्न ते प्रेतालाच विचारायचे. प्रेत उठायचं, फोन करायचं, आणि पुन्हा येऊन मरायचं.

या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली की महिनाभर नुसतं पडून ऐकल्यामुळे ग्रंथपालांना सगळं नाटक पाठ झालं. सगळ्यांची सगळी वाक्यं, खोकल्यासकट. याच्या उलट दंतवैद्यांची गत. आयुष्यभर त्यांनी ज्यांना ज्यांना प्रश्न विचारले, त्यांच्या तोंडात काही ना काही कोंबलेलं असायचं. उत्तर ऐकून घेऊन मग पुढचं बोलायचं, ही सवयच त्यांना नव्हती. ते प्रश्न विचारायचे आणि आपल्याच विचारात गढून जायचे.

"बाई, विंगेतून कुणीतरी वाक्यं पुरवायला हवं," ग्रंथपालांनी एकदा सुचवलं. बाईंनी ते तीनदा म्हणवून घेतलं, आणि ऐकू आल्यावर ताठ झाल्या.

"इतकी वर्षं परीक्षा घेतल्या मी. कुणाला उत्तर सांगितलं नाही. आता सांगू?"

कार्यक्रमात आधी गाणी ठेवायची असं ठरलं होतं. पण आदल्या दिवशी सेक्रेटरींनी क्रम फिरवला. "गाणी संपली की लोक नाटकाला थांबणार नाहीत. आधी नाटक ठेवू. खुनी कोण हे कळेपर्यंत कुणी उठत नाही. कळलं रे कळलं की दारं लावून घ्यायची आणि गाणी सुरू!"

"पण नऊला लाउडस्पीकर…"

"काय म्हणताय?"

"नऊला…"

"नऊ खुर्च्या? कमी पडतील!" असं म्हणून ते निघून गेले. बायकोला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "वेळ राहिला तर म्हणू. नाहीतर काय, पुढच्या वर्षी." आणि लॅबला जायला निघाली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल खचाखच भरला. सजावट समितीला वसंताचा फार उमाळा आला होता. त्यांनी बाहेरच्या झाडांच्या फुललेल्या फांद्या तोडून आणल्या होत्या आणि त्या सगळ्या सोफ्यामागे उभ्या केल्या होत्या. ग्रंथपाल जिथे मरणार होते तिथे बरोबर डोक्यावर पिवळ्या फुलांचा घोस लोंबत होता. त्यांनी तो बाजूला करायला सांगितला. कुणाला ऐकू गेलं नाही. पहिल्या रांगेत सासरे बसले होते आणि त्यांच्या शेजारी, मनगटावरचं घड्याळ बाहीबाहेर काढून, परवानगीवाले साहेब.

पडदा उघडला. तो उघडला आणि दोरी वर कप्पीत अडकली. पडदा पुन्हा पडेल अशी आशा त्या क्षणीच संपली. आता अंक संपले तरी मधे थांबायला जागा नव्हती, एकातून दुसऱ्यात सरळ चालत जायचं होतं. हे नंतर महागात पडलं.

सुरुवात मात्र चांगली झाली. दंतवैद्य प्रेताभोवती फिरले, त्यांनी भिंग काढलं, "खून!" असं म्हणाले, आणि पुढचं सगळं विसरून गेले. विंगेत बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, पेपरात कुणी अडलं की उभ्या राहायच्या तशाच.

तेवढ्यात सोफ्यावरून, ओठ न हलवता, ग्रंथालयातल्या आवाजात वाक्य आलं: "दारं-खिडक्या आतून बंद आहेत…"

दंतवैद्य दचकले. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. पुढचंही तसंच आलं. ग्रंथपालांच्या लक्षात आलं की ज्या आवाजावर उभ्या जगानं पाणी सोडलं होतं तो या कामासाठीच घडवला गेला होता. दोन हातांवरच्या माणसाला स्पष्ट ऐकू जाई आणि पहिल्या रांगेला गंधही लागत नसे. नर्स अडली, तिला वाक्य मिळालं. पुतण्याला मिळालं. सेक्रेटरी आपल्या दयाळूपणाच्या भाषणात मधेच अडकले, तर त्यांनाही मिळालं. त्यांनी त्याबद्दल प्रेताकडे रागानं पाहिलं तो भाग वेगळा.

दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी घोसातून भुगा गळायला लागला. ग्रंथपालांनी जीभ टाळूला लावली, श्वास पाठीतून घेतला, मनात समोरच्या वहिनींचे यजमान आणले. काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणत होते, "हा पुण्यात्मा आता कुठल्याही हाकेला ओ देणार नाही!" आणि प्रेत शिंकलं. बाहेर एका गाडीचा भोंगा सुरू झाला. मागच्या रांगेतलं एक लहान मूल टाळ्या वाजवू लागलं.

पहिल्या रांगेतले साहेब खिशातून हमीपत्राची प्रत काढू लागले. सासऱ्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "शरीरात राहिलेली हवा असते ती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाहेर पडते कधीकधी. मी पोस्टात असताना पाहिलंय." प्रेक्षकांनी हे ज्ञान ग्रहण केलं आणि नाटक पुढे सरकलं.

घोटाळा झाला तिसऱ्या अंकात. 'त्या संध्याकाळी दिवा कुणी मालवला?' हा प्रश्न नाटकात दोनदा होता. दुसऱ्या अंकात त्याला नर्स म्हणते, "मला काय ठाऊक? मी औषध आणायला गेले होते." तिसऱ्यात तोच प्रश्न डिटेक्टिव्ह मेज आपटून विचारतो आणि ती कोसळून गुन्हा कबूल करते. दंतवैद्य प्रेतापासून लांब, पार खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. तिथपर्यंत ग्रंथपालांचा आवाज पोचण्यासारखा नव्हता. त्यांनी प्रश्न विचारला, पण मेज आपटायला विसरले.

पार्लरवाली गोंधळली. मेज आपटलं नाही म्हणजे दुसरा अंक. "मला काय ठाऊक? मी औषध आणायला गेले होते," ती म्हणाली. त्यावर पुतण्यानं दुसऱ्या अंकातलं रडणं काढलं. डॉक्टर पुन्हा दयाळू झाले. आणि नाटक पुन्हा दुसऱ्या अंकातून चालू लागलं.

कुणाला काही वावगं वाटलं नाही. चौकशी म्हटल्यावर तेच तेच विचारतात. फिरून प्रश्न आला. दंतवैद्य पुन्हा खिडकीपाशी. पुन्हा मेज राहून गेलं. पुन्हा औषध. तिसऱ्या फेरीला मागच्या रांगा पुतण्याबरोबर रडू लागल्या आणि "मला काय ठाऊक?" हे सगळा हॉल नर्सच्या आधी म्हणू लागला. सेक्रेटरींना वाटलं आपलं भाषण लोकांना आवडलंय म्हणून पुनःपुन्हा येतंय. ते दर फेरीला ते वाढवत होते.

ग्रंथपालांनी एक डोळा किंचित उघडला. पहिल्या रांगेत साहेब घड्याळाकडे बघत होते. नऊ वाजायला फार काही उरलं नव्हतं. बाजूच्या दारात गाणाऱ्या बायका रांगेनं उभ्या होत्या आणि सर्वांत पुढे त्यांची बायको. तिच्या हातात गाण्याचा कागद होता. तिनंही साहेबांच्या घड्याळाकडे पाहिलं. मग तो कागद तिनं चारदा दुमडला, पर्समध्ये ठेवला, आणि शेजारणीकडे बघून हसली. ते हसू ग्रंथपालांना चांगलं माहीत होतं. न्हाव्यानं भलतेच केस कापल्यावर ते स्वतः तसेच हसायचे.

स्टेजवर डॉक्टर चौथ्यांदा दयाळू व्हायला लागले होते.

"बास!"

तो आवाज कुठून आला हे आधी कुणालाच कळलं नाही. ग्रंथपालांनाही नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सोफ्यावर उठून बसलो आहोत, छातीवरची चादर घसरली आहे, आणि सगळा हॉल आपल्याकडे बघतो आहे. खिडकीच्या काचा अजून थरथरत होत्या.

"पुरे झाली चौकशी!" प्रेत म्हणालं. "मला कुणी मारलं ते मी सांगतो!"

ग्रंथपालांनी बोट उचललं. त्यांना ते नर्सकडेच न्यायचं होतं. पण नर्सच्या पुढे डॉक्टर उभे होते, एक हात हवेत फिरवलेला, दयाळू, निःस्वार्थी, आणि बोट तिथपर्यंत गेलं आणि पुढे जाईना.

"यानं!"

"मी?" सेक्रेटरींचा हात हवेतच राहिला. "अहो, मी काय? मी डॉक्टर आहे!"

"यानंच मारलं! महिनाभर मारत होता!"

हॉलमध्ये एकच कल्ला उडाला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. "मी नाही हो!" सेक्रेटरी प्रेक्षकांना सांगू लागले. "नर्स आहे, नर्स! बाई, तुम्ही तरी सांगा!" बाईंनी विंगेत हाताची घडी आणखी घट्ट केली. आणि दंतवैद्यांना अख्ख्या नाटकातलं जे एकच वाक्य पक्कं येत होतं, ते म्हणायची वेळ अखेर आली. ते खिडकीपासून धावत आले आणि सेक्रेटरींचं मनगट धरून म्हणाले, "कायद्याच्या नावानं तुम्हाला अटक करतो!" आणि ओढत घेऊन गेले. माणूस तोंडानं नकार देत असताना त्याला ओढून नेण्यात दंतवैद्यांचा हातखंडा होताच.

साक्ष तर देऊन झाली. पुढे काय करावं हे ग्रंथपालांना सुचेना. पडदा पडत नव्हता, उठून चालत जाणं बरं दिसलं नसतं. ते सभ्यपणे पुन्हा आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले.

टाळ्या संपायच्या आत बायका स्टेजवर आल्या. सोफा हलवायला वेळ नव्हता, त्यामुळे त्या त्याच्याभोवतीच उभ्या राहिल्या. पेटीवाली उशाशी बसली. बायको नेमकी ग्रंथपालांच्या डोक्यापाशी आली.

"श्वास घेताय ना?" तिनं वर बघत, ओठ न हलवता विचारलं.

"पाठीतून," प्रेत म्हणालं.

तिनं सूर लावला. पहिला सूर जरा खाली लागला. तिनं तो तसाच धरला, हातातली नस सापडेपर्यंत चाचपावं तसा चाचपला, आणि मग अलगद वर नेला. फांद्यांना नवी पालवी आली आहे एवढंच त्या ओळीत होतं. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला आणि गेला. नऊ वाजले होते. ती थांबली नाही. माइक असताना जेवढ्या आवाजात गात होती तेवढ्याच आवाजात गात राहिली, आणि मागच्या रांगांनी आपण होऊन खुर्च्यांचे आवाज बंद केले. ग्रंथपालांना पाहता काहीच येत नव्हतं. त्यांच्या तोंडावर फुलांचा भुगा पडत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नाकात जे काही उभं राहिलं होतं ते त्यांनी अशा निर्धारानं रोखून धरलं होतं की त्यांचा चेहरा जांभळा झाला. पहिल्या रांगेला वाटलं, मेकअप काय सुंदर आहे.

ओळ संपली. बाकीच्या बायकांनी एकदम सूर धरला. त्या भरलेल्या आवाजात ग्रंथपाल मनसोक्त शिंकले.

सेक्रेटरी तोवर अटकेतून सुटून पहिल्या रांगेपाशी आले होते. "साहेब, नऊ वाजून गेले," ते म्हणाले. "गाणं चालूच आहे. तुम्ही काही करत का नाही?"

"आमचा नियम भोंग्याला आहे," साहेब स्टेजवरून नजर न काढता म्हणाले. "गळ्याला नाही. आणि तुम्ही अटकेत होता ना?"

त्या रात्री सासऱ्यांनी जेवताना आपण होऊन जावयाला वाढलं. "उठून बसायला नको होतं," ते म्हणाले. "पण उठलात, ते बरं उठलात." मग मुलीकडे वळले. "तू लहानपणी बरी गायचीस. आता चांगली गातेस." आणि एवढं कौतुक एका दमात झाल्यामुळे थकून ते झोपायला गेले.

सकाळी दारावर थाप पडली. सेक्रेटरी होते. चेहरा उतरलेला.

"ग्रंथपाल, हे बरं नाही केलंत. सकाळपासून बिल्डिंगमधली पोरं मला बघून पळतायत. दूधवाला माझ्याकडे बघत बघत उलटा जिना उतरला. दुकानावर एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, 'तुम्हीच ना ते, काल ज्यांनी…' आणि फरशी न घेता गेलं! तुम्ही फळ्यावर लिहून लावा, की खून नर्सनं केला होता, मी नाही."

"तसं करता येत नाही," आतून सासरे म्हणाले. "मेलेल्या माणसानं दिलेली साक्ष आहे. ती फिरवणार कोण?"

बायकोनं सेक्रेटरींना आत बोलावून खुर्ची दिली. ती गालातल्या गालात हसत होती आणि मधूनच कालची ओळ गुणगुणत होती. सेक्रेटरी बसले. मग त्यांनी आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, खुर्ची पुढे ओढली, आणि त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"ग्रंथपाल, आता झालं ते झालं. पण एक खरं सांगा. खुनी म्हणून… मी कसा वाटलो?"

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. माणूस उमेदीनं बघत होता.

"काय सांगू तुम्हाला," ते म्हणाले, आणि प्रत्येक शब्द जिन्यापर्यंत स्पष्ट ऐकू गेला. "मी मेलो तेव्हापासूनच मला तुमचा संशय होता."